आजीला चालवायला माणूस नाही

आजी आमच्या शुश्रूषा केंद्रात आली तेव्हा तिला लघवीचं कळत होतं. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं त्यानंतर जो तो म्हणायला लागला, म्हातारीला काही कळतच नव्हतं, वय झालं होतं. कळत होतं. चांगलं कळत होतं. स्ट्रेचरवरून कॉटवर घेताना तिनं माझं मनगट धरून सांगितलं, "पोरी, मला आधी परसाकडं ने, मग झोपीव." मी कमोडची खुर्ची आणायला वळले, तेवढ्यात आमच्या मॅनेजरनं मावशीच्या हातात डायपर दिला.

"हाडाचं ऑपरेशन झालेला पेशंट आहे. लावून टाका."

"सर, त्यांना सांगता येतंय," मी म्हटलं.

"सिस्टर, नियम आहे. खुर्चीवर बसवताना पडल्या तर नातेवाईक माझी कॉलर धरतील, तुमची नाही."

आजी आमच्या दोघांच्या तोंडाकडं बघत होती. डायपर म्हणजे काय ते तिला ऑपरेशनच्या दवाखान्यातच कळलं असणार, कारण तो दिसताच तिनं लुगडं दोन्ही हातांनी घट्ट धरलं. "ते नगं, बया. मी काय तान्हं लेकरू हाय का?"

मावशीनं तिला कुशीवर वळवलं आणि लावला. आजीनं बराच वेळ धरून ठेवलं. मग तोंड भिंतीकडं केलं आणि रडत रडत त्यातच केलं. मी पुण्यात हाडांच्या वॉर्डात अर्धं आयुष्य काढलंय. मोडलेली माणसं खूप पाहिली. पण त्या दुपारी जो राग आला तो अजून गेलेला नाही.

माझं माहेर घोडेगावच्या बाजूचं, सासर जुन्नरकडचं. नवरा निवृत्त झाल्यावर आम्ही शेतावर राहायला आलो. घरात बसून मला करमेना. तेव्हा जुन्नरहून आळेफाट्याकडं जाणाऱ्या रस्त्याला, थोडं आत, हे केंद्र सुरू झालेलं होतं. वृद्धाश्रम म्हणायचं नाही, शुश्रूषा निवास म्हणायचं, असा ट्रस्टींचा आग्रह. ज्यांची मुलं चाकणला, पुण्याला, परदेशात, अशी माणसं तिथं असायची. ऑपरेशन होऊन आलेली, अर्धांगवायू झालेली, घरी बघायला कुणी नसलेली. दिवसपाळीला नर्स मी एकटी, आणि अंग पुसायला, कपडे बदलायला, जेवण भरवायला मोजक्या मावश्या.

दारातच एक मोठी पाटी होती: पुनर्वसन विभाग. मागं एक खोली होती. तिच्यात भिंतीला लावलेले दोन समांतर दांडे, कुणीतरी देणगी दिलेली व्यायामाची सायकल आणि कोपऱ्यात कोऱ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले वॉकर. खोलीला कुलूप. मी रुजू झाले त्या दिवशी विचारलं, "इथं काम कोण करतं?" मॅनेजर म्हणाला, "फिजिओ येतात ना अधूनमधून." नातेवाईक पेशंट ठेवायच्या आधी बघायला आले, की तो ती खोली उघडून दाखवायचा. ते गेले, की परत कुलूप.

इंग्रजी पुस्तकांत ह्या कामाला रिस्टोरेटिव्ह नर्सिंग म्हणतात. साध्या शब्दांत सांगायचं तर माणसाला जे करता येत होतं ते पुन्हा त्याचं त्याला करता यावं, आणि जे अजून येतंय ते जाऊ नये, म्हणून रोज त्याच्याबरोबर खपायचं. आम्ही त्याला नुसतं 'सराव' म्हणायचो. फिजिओ येतो, व्यायाम दाखवतो, पुढच्या गावाला जातो. तो गेल्यावर सकाळ-संध्याकाळ उठवायचं कुणी? संडासापर्यंत धरून न्यायचं कुणी? हातात चमचा देऊन समोर गप्प बसायचं कुणी? भरवलं तर पटकन उरकतं. स्वतः खाऊ दिलं तर वरण गार होतं, अंगावर सांडतं, वेळ जातो. सगळं भांडण त्या वेळेचं आहे. ज्याच्याकडं तो वेळ आहे असं एक माणूस लागतं, आणि ते माणूस दुसऱ्या कामाला ओढायचं नसतं. एवढं साधं आहे हे.

आजी आल्यावर मी मॅनेजरच्या मागं लागले. "मला एक मावशी द्या, फक्त सरावाला." तो हसला. "इथं फरशी पुसायला बाई मिळत नाही, आणि तुम्हाला फिरवायला पाहिजे." मी रोज मागत राहिले. शेवटी एक नातेवाईक पैसे भरायच्या आधी त्याला म्हणाला, "ती खोली दाखवलीत, पण तिथं माणूसच दिसत नाही." त्याच संध्याकाळी मला एक मावशी मिळाली. म्हणजे आजीसाठी नाही मिळाली, त्या गिऱ्हाइकासाठी मिळाली. पण मिळाली.

ती जवळच्याच वाडीवरची. चाळिशीची, धट्टीकट्टी, आधी द्राक्षाच्या बागेत कामाला जायची. मी तिला खोलीत नेलं तेव्हा ती दांड्यांकडं बघत म्हणाली, "सिस्टर, मला जमंल का ओ? एखादं म्हातारं हातातून सुटलं तर?"

"धरायचं कसं ते मी शिकवते. सुटणार नाही."

तिला शिकायला वेळ लागला. सुरुवातीला ती माणसाला काखेतून उचलायला बघायची, मी ओरडायचे. कधी ती रुसायची. पण एकदा हात बसल्यावर तिनं कुणाला घाई केली नाही, आणि ह्या कामात तेच लागतं.

आजी पश्चिमेकडच्या डोंगरातली, भीमाशंकरच्या बाजूच्या एका गावची. भात आणि नाचणीची शेती. बांधावरून घसरली आणि खुबा मोडला. ऑपरेशन नीट झालं होतं. डॉक्टरांच्या कागदावर स्पष्ट होतं, की उठवा, चालवा. मुलगा चाकणला कंपनीत, भाड्याच्या एका खोलीत बायकोपोरांसह. तिथं आई ठेवायला जागा नाही, गावात तिला बघायला तो नाही, म्हणून आमच्याकडं आणली.

आधी तिला कॉटच्या कडेला पाय खाली सोडून नुसतं बसवलं. तिला घेरी यायची. मग उभं राहणं. मग वॉकर. मी तिला म्हणायला लावायचे, आधी वॉकर, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला पाय. ती ते आपल्या चालीवर म्हणायची, आणि मध्येच थांबून हसायची.

"भाताच्या आवणीत दिवसभर चिखलात उभी ऱ्हायची मी, कंबर मोडस्तवर," ती म्हणाली. "आन् आता ह्या कोरड्या फरशीला भ्यायला लागले. काय म्हणावं ह्याला?"

"आता घाबरायचं न्हाई," मावशी म्हणाली. "मी हाय ना."

सकाळी उठल्यावर, चहानंतर, जेवणानंतर, अशा ठरलेल्या वेळी मावशी तिला संडासात न्यायची. काही दिवसांत डायपर कोरा निघायला लागला. मी तो बंद केला, मॅनेजरला न विचारता. त्या दिवशी आजीनं मावशीकडून वेणी घालून घेतली आणि ओट्यावर उन्हात जाऊन बसली. आल्यागेल्याला सांगत होती, "माझी मी जाऊन आले."

आमच्याकडं एक बाबा होते. एसटीत कंडक्टर होते ते. उजवी बाजू लुळी पडलेली. त्यांना आम्ही डाव्या हातानं जेवायला शिकवलं. चमच्याची दांडी जाड करायला तिला कापड गुंडाळलं, ताटाखाली ओला नॅपकिन घातला म्हणजे ताट सरकत नाही, आणि काठ उंच असलेलं ताट दिलं. पहिले काही दिवस निम्मा भात मांडीवर. पण ते हट्टी. कुणी मदतीला वाकलं, की तोंड वाकडं असूनही म्हणायचे, "चला, पुढं सरका, पुढं सरका!" सगळी पंगत हसायची.

हे सगळं एका माणसामुळं चाललं होतं. आणि त्या एका माणसावर सगळ्यांचा डोळा.

आधी स्वयंपाकघरातली बाई आली नाही, म्हणून मावशीला पोळ्या लाटायला नेलं. "आजच्या दिवस" म्हणून. मग स्पेशल खोलीत एक श्रीमंत पेशंट आला, त्याच्या घरच्यांना पूर्ण वेळ बाई हवी होती. मावशी तिकडं. मग कपडे धुण्याचं मशीन बिघडलं. मावशी मोरीवर. मी भांडले, की परत मिळायची, आणि परत जायची. एक दिवस सराव चुकला, की आजीचा पाय दुसऱ्या दिवशी जड पडायचा. दोन दिवस चुकला, की ती घाबरायची आणि सुरुवातीपासून सगळं. हे मी मॅनेजरला किती वेळा सांगितलं असेल. तो मान हलवायचा. त्याला ते ऐकूच जात नव्हतं, कारण सराव चुकल्यावर कुणी ओरडत नाही. जेवण उशिरा गेलं तर ओरडतात.

मग उन्हाळी कांदा निघायला लागला.

आमच्या भागात कांदा काढायचे दिवस आले, की गावागावातून पिकअप भरभरून बायका रानात जातात. दिवसाची मजुरी जास्त मिळते, दुपार कलली की मोकळ्या. आमच्या मावश्या एकेक करून गेल्या. त्यांना मी कशाला दोष देऊ? रानात वाकायचं असतं कांद्याला, इथं वाकायचं असतं माणसाला, तेही शी-शूमध्ये, आणि वर बोलणी खायची. जास्त जड काम, कमी मजुरी, आणि ट्रस्टी म्हणणार, "ही सेवा आहे." सेवा असेल तर तुम्ही या करायला. बाईच्या घरातली चूल सेवेवर पेटत नाही.

"बायका मिळतच नाहीत," मॅनेजर म्हणाला. "आता सरावबिराव बंद. आहे त्या मावशीला जनरल कामाला टाकतो."

"कांद्याइतकी मजुरी द्या, मिळतील."

"ते माझ्या हातात नाही."

सराव बंद झाला. खोलीला कुलूप. पाटी तशीच.

आजी पहिल्या दिवशी घंटा वाजवत राहिली. मी दुसऱ्या टोकाला एकाची सलाईन बघत होते. पोचले तोवर ती स्वतःच कॉटच्या कडेला येऊन बसली होती, वॉकरकडं हात लांबवत. मी धरलं, संडासात नेलं, काही झालं नाही. पण मॅनेजरनं ते पाहिलं. संध्याकाळी कॉटला दोन्ही बाजूंनी कठडे वर केले आणि डायपर परत आला. वॉकर उचलून खोलीत नेऊन ठेवला, "पायात येतो" म्हणून.

"मला पिंजऱ्यात घातली का गं?" आजीनं विचारलं. बिबट्यासाठी वनखात्याचा पिंजरा आमच्या शिवारात सगळ्यांनी पाहिलाय. ती चेष्टा करत नव्हती.

मला जमेल तेव्हा मी तिला उठवायचे. औषधं, इंजेक्शनं, ड्रेसिंग, डॉक्टरांचे फोन, नातेवाईकांचे फोन, ह्यातून किती जमणार? कधी सकाळी जमायचं, कधी नाहीच. आजी पडून राहायला लागली. पडून पाय दुखायचा, म्हणून ती गुडघा वाकवून ठेवायची. नव्या आलेल्या एका बाईनं मायेनं तिच्या गुडघ्याखाली उशी घातली. कुणी शिकवलंच नव्हतं तिला, की ऑपरेशनच्या पायाखाली अशी उशी ठेवली तर गुडघा तसाच आखडतो. मला दिसली, की मी उशी काढायचे. माझी पाठ वळली, की आजी कण्हायची आणि उशी परत जायची. कमरेच्या खाली कातडी लाल झाली, मग सोलली.

अशाच एका चतुर्थीला लेण्याद्रीचं दर्शन करून परतणारी काही मंडळी गाडीतून उतरली. पुण्याची. शिऱ्याचे डबे आणले होते. मॅनेजरनं त्यांना आधी कुलूप उघडून ती खोली दाखवली. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. "हा आमचा पुनर्वसन विभाग." मग मंडळी वॉर्डात आली. एक बाई कंडक्टर बाबांच्या कॉटवर बसल्या आणि चमच्यानं शिरा भरवायला लागल्या. समोर त्यांचा नवरा मोबाइल धरून उभा.

"बाबा, आ करा. आ..."

बाबांनी ओठ मिटले. डावा हात उचलला, चमच्याकडं नेला.

"ते स्वतः खातात," मी म्हटलं. "चमचा त्यांच्या हातात द्या."

"असू द्या हो सिस्टर. आम्हाला तेवढीच सेवा."

"सेवा करायची तर थांबा त्यांचं खाऊन होईपर्यंत. वेळ लागेल थोडा."

बाईंनी मॅनेजरकडं पाहिलं. मॅनेजरनं माझ्याकडं डोळे वटारले. नवरा म्हणाला, "अजून एकदा भरव, फोटो हलला." बाबांनी माझ्याकडं पाहिलं, हात खाली ठेवला आणि तोंड उघडलं. त्यांचा तो डावा हात मांडीवर पडलेला मला अजून दिसतो. किती दिवस खपून उठवला होता तो, आणि एका फोटोसाठी खाली बसवला.

मंडळी गेल्यावर मी मॅनेजरच्या खोलीत गेले. दार लावलं नाही. ऐकू दे सगळ्यांना, म्हटलं.

"ती पाटी काढा."

"कुठली?"

"पुनर्वसनाची. तिथं पुनर्वसन नाही. कुलूप आहे. लोकांना कुलूप दाखवून तुम्ही आई-बाप घेताय."

"मॅडम, आवाज खाली. मला एक सांगा, माणूस जगवणं महत्त्वाचं की चालवणं? मी सगळ्यांना वेळेवर खायला देतोय, स्वच्छ ठेवतोय. कुणी पडलेलं नाही इथं."

"पडतील कसे? उभंच कुणाला करत नाही तुम्ही."

तो लाल झाला. म्हणाला, "आजीच्या मुलाला बोलावतो. त्याला विचारा, त्याला काय पाहिजे."

मुलगा रविवारी आला. उन्हातून मोटारसायकलवर, चाकणहून. साधा माणूस, डोळ्यांखाली काळं, कंपनीतल्या पाळ्यांनी थकलेला. मॅनेजरनं त्याला आधीच पढवलं होतं. तो माझ्याशी नीट बोलला, पण ठाम होता.

"सिस्टर, तुमचा हेतू चांगला हाय. पन आई परत पडली तर मी न्हाई निभावू शकत. सुट्टी न्हाई मिळत मला. हाय तिथं हाय तशी ऱ्हाऊ द्या."

आजी ऐकत होती. ती बोलली ती अगदी हळू, त्याच्याकडं बघून. "मी आजारी न्हाई, बाळा. मला निजवून ठेवलीय. मी चालत व्हते. इचार हिला."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी चादर बाजूला केली, उशी काढली आणि त्याला आईचा गुडघा धरायला सांगितला. "करा सरळ. हळू."

त्यानं केलं. गुडघा अर्ध्यावर येऊन थांबला. आजी ओरडली. त्यानं हात काढून घेतला.

"हा सरळ होत होता," मी म्हटलं. "ह्याच पायावर त्या ओट्यापर्यंत जात होत्या." मग मी आजीला कुशीवर वळवून कमरेखालची जखम दाखवली. त्यानं ती वाकून पाहिली. मग एकदम माझ्यावरच उखडला.

"मग तुमी काय करत व्हता? तुमी हितंच व्हता ना?"

बरोबर विचारलं त्यानं. त्याच्या जागी मीही तेच विचारलं असतं. मी म्हटलं, "मी एकटी होते. सगळ्या केंद्राला एकटी. तुमच्या आईला उठवायला जे माणूस होतं ते काढून घेतलं. माझ्यावर ओरडू नका, आणि ओरडायचंच असेल तर माझ्याबरोबर चला आणि जिथं ओरडायला पाहिजे तिथं ओरडा."

तो आला माझ्याबरोबर. ट्रस्टींपैकी सगळ्यांत थोरले गृहस्थ जवळच राहायचे. जुने बागायतदार, द्राक्षांची मोठी बाग. केंद्राची जमीनही त्यांचीच. पडवीत बसले होते. आम्हाला पाणी आणायला सांगितलं, चहा आणायला सांगितलं. माझं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, माणसं मिळत नाहीत हे तर आम्हा शेतकऱ्यांचंच दुखणं आहे. काय करायचं सांगा."

"दादा, तुमच्या बागेत छाटणीचे दिवस असतात. त्या दिवसांत छाटणी करणारा माणूस तुम्ही स्वयंपाकाला नेता का?"

ते हसले. "कसं नेईन? वेळ गेली की वर्ष गेलं."

"आणि माणूस मिळत नाही म्हणून छाटणी सोडून देता?"

"नाही हो. दुप्पट देऊन आणतो. गाडी पाठवतो न्यायला."

"मग इथं का नाही आणत? ऑपरेशननंतरचे दिवस असेच असतात. ते गेले की पाय गेला. ह्यांच्या आईचा गेलाय. तुमच्या जमिनीवर, तुमच्या पाटीखाली गेलाय."

ते हसायचे थांबले. आजीच्या मुलानं इतका वेळ मान खाली घातली होती, ती वर केली. "आमी डोंगरातली माणसं," तो म्हणाला. "आमाला ती खोली दाखवली म्हणून मी आईला हितं ठेवली. तुमी खोलीच दाखवणार व्हता, तर तसं सांगायचं."

चहा आला, तो कुणी घेतला नाही. मग थोरल्या ट्रस्टींनी मॅनेजरला फोन लावला. त्या संभाषणात सेवा हा शब्द एकदाही आला नाही, मजुरी हा शब्द आला.

सरावाला दोन मावश्या मिळाल्या, रानातल्याइतक्या मजुरीवर, आणि त्यांना दुसऱ्या कामाला लावायचं तर आधी मला विचारायचं असं ठरलं. आमची जुनी मावशी परत आली. ह्याला लोक माझा विजय म्हणतात. नवराही म्हणाला, "जिंकलीस की." कसला विजय? जे पाटीवर लिहिलेलं होतं तेवढं करून घ्यायला मला दारोदार जावं लागलं. आणि तेवढं होईपर्यंत एका बाईचा पाय खर्ची पडलेला.

कमरेखालची जखम भरली. डायपर पुन्हा सुटला, त्याला मात्र आधीपेक्षा जास्त दिवस लागले. गुडघ्यासाठी फिजिओनं खूप प्रयत्न केले. आजी दात आवळून सहन करायची. मावशी तिच्याजवळ बसून तिला डोंगरातल्या गोष्टी विचारायची, म्हणजे दुखणं विसरावं. थोडा सुटला, पूर्ण सरळ झाला नाही. कंडक्टर बाबांचा हातही परत यायला लागला होता, पण त्यांना मध्येच दुसरा झटका आला आणि ते गेले. शेवटच्या आठवड्यात त्यांनी दहीभात स्वतःच्या हातानं खाल्ला, एवढं मला माहीत आहे, कारण मी समोर बसले होते.

पावसाळ्याच्या तोंडावर आजी म्हणाली, "मला घरी जायाचंय." मुलगा तयार नव्हता. मग गावातली तिची जाऊ आली, तिच्याच वयाची, कणखर बाई. तिला मी दोन दिवस ठेवून घेतलं आणि कसं उठवायचं, कसं धरायचं नाही, ते दाखवलं. शेवटी ती म्हणाली, "म्हंजे हिला करू द्यायचं आन् आपुन गप ऱ्हायाचं. लई अवघड हाय ते." अख्ख्या केंद्रात इतक्या थोडक्यात ते कुणाला सांगता आलं नव्हतं, मलासुद्धा.

भात निघाल्यावर मी तिला भेटायला गेले. घोडेगावहून डोंगरातल्या गावांना जाणारी एसटी पकडली. घाटात धुकं होतं. आजी दारात बसलेली होती, पुढ्यात सूप, तांदूळ पाखडत. मला बघून उठायला लागली. मी धावले.

"थांब," ती म्हणाली. "मला उठू दी."

तिनं वॉकर जवळ ओढला, चौकटीला एक हात दिला आणि उठली. एका बाजूला कलली, गुडघा वाकलेलाच, टाच जमिनीला टेकत नव्हती. तशीच लंगडत घरात गेली, तांब्या भरून आणला तो मात्र जावेनं. अंगण ओलांडून बांधावर ती जाऊ शकत नाही. भाताच्या खाचरात तर नाहीच. दुरून कापलेलं शेत बघते.

"तुमची लई आठवण काढते ही," जाऊ म्हणाली. "तुमच्यामुळं उठली म्हणती."

मी नाचणीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा खाल्ला. निघताना आजीनं पदराखालून हातसडीचे तांदूळ काढून माझ्या पिशवीत ओतले. मी नको म्हटलं तर रागावली.

परतीच्या एसटीत खिडकीला टेकून बसले होते. शेजारची बाई म्हणाली, "पावणं, कुणाकडं आलता?" मी सांगितलं. ती म्हणाली, "हां, ती लंगडती ती म्हातारी. वय झालं, व्हायाचंच."

"वयानं नाही झालं ते," मी म्हटलं, जरा जोरातच, कारण पुढच्या बाकावरच्यांनीही वळून पाहिलं. आणि मग घोडेगाव येईपर्यंत मी तिला सगळं सांगितलं.